लोकरीच्या शालीवर हुमण सांडलं तर काय करायचं

गोव्यात लोकर घालतं कोण, असं हसून विचारणारे बरेच भेटतात. त्यांना म्हणावं, घरातलं कपाट एकदा उघडून बघा. सत्कारात मिळालेल्या शाली, काश्मीरच्या टूरवरून आणलेला स्टोल, लंडनच्या मावशीने धाडलेला कार्डिगन, बाळंतविड्यातलं स्वेटर-टोपडं, लग्नातला सूट, भटजींच्या घरी सोवळ्याची धाबळी. डिसेंबरात पहाटे सत्तरी तालुक्याकडे किंवा चोर्ला घाटातून बेळगावला निघालात की यातलं काहीतरी अंगावर येतंच. आणि वर्षातून चारदाच घालायचं असल्यामुळे ते धुवायचं कसं हे घरात कोणालाच धड माहीत नसतं, मग डाग पडला की आपण जे रोजच्या कपड्यांना करतो तेच करतो, म्हणजे नळाखाली धरायचं, साबणाची वडी फासायची आणि खसाखसा घासायचं. लोकरीवरचे निम्मे हट्टी डाग हे डागामुळे हट्टी होत नाहीत, या पहिल्या पाच मिनिटांमुळे होतात.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट बघा. ती शाल खरंच लोकरीची आहे का? सत्कारात मिळणाऱ्या बऱ्याच शाली अ‍ॅक्रेलिक किंवा व्हिस्कोसच्या असतात, उगाच कोणाचा मान कमी करायचा म्हणून नाही सांगत. काठाचा एक धागा ओढून काढा, चिमट्यात धरा आणि सिंकजवळ उभं राहून काडी लावा. जळक्या केसासारखा वास आला आणि राख बोटात चुरली तर लोकर. वितळून कडक काळा मणी झाला तर अ‍ॅक्रेलिक, मग इतकं घाबरायचं कारण नाही, साध्या लिक्विडने थंड पाण्यात धुवा, इस्त्री मात्र गरम नको. खाली जे लिहितेय ते खऱ्या लोकरीसाठी.

लोकर म्हणजे केराटिन, आपल्या केसांत असतं तेच प्रोटीन. प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात. पाणी, उष्णता आणि घासणं हे तिन्ही एकत्र आलं की ते खवले एकमेकांत अडकतात, कापड आकसतं, जाड होतं, त्याची फेल्ट होते आणि ती परत मोकळी होत नाही. वरून ओली लोकर कमजोर असते, सहज ताणली जाते. कपडे धुवायचा सोडा, साबणाची वडी, साधी वॉशिंग पावडर हे सगळं अल्कली आणि अल्कली लोकरीला खातं. ब्लीच तर नावच काढू नका, क्लोरीनवालं ब्लीच लोकर अक्षरशः विरघळवून टाकतं. अजून एक गोष्ट लोक विसरतात ती म्हणजे एन्झाइमवाले डिटर्जंट. त्यांच्यातलं प्रोटिएज हे रक्ताचे, अंड्याचे डाग तोडण्यासाठी असतं, ते प्रोटीन तोडतं, आणि लोकर स्वतःच प्रोटीन आहे. त्यामुळे महागाची डाग काढायची पावडर आणली म्हणजे चांगलंच केलं असं नाही, पाकिटाच्या मागे बघा, लोकर आणि सिल्कला वापरू नका असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

सामान फार लागत नाही. लोकरीचं लिक्विड (ईझी वगैरे, कुठल्याही वाण्याकडे मिळतं), नसलं तर बेबी शँपू. पांढऱ्या जुन्या सुती कापडाचे तुकडे, रंगीत नकोत, त्यांचाच रंग उतरतो. टाल्कम पावडर. पांढरा पाण्यासारखा विनेगर, आपल्याकडचा माडाच्या सुरेचा घरचा विनेगर नको, त्याला स्वतःचा रंग आणि गाळ असतो, तो सोरपोतेलालाच राहू दे. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. पेरॉक्साइडच्या बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलं असेल तर ते साधारण ६ टक्क्यांचं असतं, तेवढंच पाणी घालून ३ टक्के करून घ्या. आणि हो, फेणी चालेल का असं कोणीतरी विचारणारच, तर फेणीत अल्कोहोल ४२ टक्क्यांच्या आसपास असतो म्हणजे थोडंफार काम होईल, पण नंतर त्या शालीत देवळात जाऊन दाखवा.

रिठे पण उत्तम, लोकर आणि रेशमासाठी जुन्या बायका रिठेच वापरायच्या आणि त्यात दम आहे कारण रिठ्याचं पाणी अल्कली नसतं. फक्त पाणी तपकिरी होतं, तेव्हा पांढऱ्या किंवा क्रीम लोकरीला नको.

आता हात कसा चालवायचा ते. डागाच्या खाली कोरडं पांढरं कापड घडी करून ठेवा, वरून दुसऱ्या कापडाने टिपा, दाबा, उचला, जागा बदला, परत दाबा. घासायचं नाही, पिळायचं नाही. डागाच्या बाहेरून आत या, उलटं केलं तर डाग पसरून रिंगण होतं. शक्य असेल तर कापड उलटं करून मागच्या बाजूने काम करा, म्हणजे डाग ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जातो. आणि कुठलंही औषध असो, आधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून पांढऱ्या कापडाने टिपून बघा, रंग कापडावर आला तर तिथेच थांबा.

हुमण, म्हणजे आपली नारळाच्या रसातली माशांची आमटी, हा आपला सगळ्यात अवघड डाग, कारण तो एक डाग नाहीच, चार आहेत. खोबऱ्याचं तेल, हळद, मिरचीचा लाल रंग, वर नुस्त्याचं नि नारळाच्या रसाचं प्रोटीन. एकाच औषधाने जाणार नाही म्हणून क्रमाने जावं लागतं. आधी बोथट सुरीने किंवा चमच्याने घट्ट ऐवज उचलून घ्या, पसरवू नका. मग पांढऱ्या कापडाने रस टिपा. मग टाल्कम पावडरचा जाड थर द्या आणि सोडून द्या, दोन-तीन तास तरी, रात्रभर राहिला तर अजून चांगलं, पावडर पिवळट झाली की झटकून नवी टाका. हा टप्पा लोकांना कंटाळवाणा वाटतो आणि तोच लोक गाळतात, पण तेल निघाल्याशिवाय हळद आणि मिरची सुटत नाही, कारण हे दोन्ही रंग पाण्यात नाही तर तेलात विरघळतात. तेल गेलं की लोकरीचं लिक्विड थंड पाण्यात पातळ करून टिपा, साध्या थंड पाण्याने टिपून काढा. गरम पाणी अजिबात नको, प्रोटीन शिजून तंतूला चिकटतं.

एवढं केल्यावर पिवळा डाग उरेल, तो हळदीचा. इथे साबणाची वडी लावलीत तर तो क्षणात लालबुंद होतो आणि घरात आरडाओरड होते. घाबरू नका, हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं एवढंच, हळद-चुन्याचं कुंकू करतात ते याच कारणामुळे. पातळ विनेगर टिपलं की ते परत पिवळं होतं. पिवळा डाग मग अल्कोहोलने टिपायचा, कापडाचा कोपरा भिजवून, दर वेळी स्वच्छ कोपरा घेऊन, खालचं कापडही बदलत. बराचसा रंग खाली उतरताना दिसतो. जो उरतो त्याला ऊन दाखवा, कर्क्युमिन उजेडात तुटतं. पण लोकरसुद्धा उन्हात पिवळी पडते आणि रंगीत असेल तर विटते, म्हणून बाकीची शाल जाड कापडाने झाकून डागाएवढीच खिडकी मोकळी ठेवा, डाग थोडा ओलसर ठेवा, आणि सकाळचं कोवळं ऊन द्या, अर्धा तास झाला की बघा. दोन-चार सकाळी लागतील. मे महिन्यात दुपारच्या बाराचं ऊन देऊ नका. पांढऱ्या लोकरीला शेवटचा उपाय म्हणून ३ टक्के पेरॉक्साइड टिपून दहा-पंधरा मिनिटं ठेवता येतं, सुकू द्यायचं नाही, नंतर भरपूर पाणी. रंगीत लोकरीला पेरॉक्साइड नको.

सोलकढी, रेड वाईन, जांभूळ हे सगळे एका कुळातले, ह्यांचा लाल-जांभळा रंग फळातलाच. पहिलं काम टिपणं, दुसरं थंड पाणी, तिसरं एक भाग पांढरा विनेगर आणि तीन भाग पाणी. खायचा सोडा टाकू नका, आंबटपणा गेला की हा लाल रंग निळसर-करडा होतो आणि मग आपल्याला वाटतं डाग गेला, गेलेला नसतो, रंग बदललेला असतो. वाईनवर मीठ ओतायची पद्धत आहे, टेबलक्लॉथवर ठीक आहे, लोकरीवर मिठाचे खडे घासले जातात, त्यापेक्षा सोडावॉटर बरं, ते मुळात पाणीच आहे आणि हाताशी असतं. सोलकढीत नारळाचा रस असतो हे विसरू नका, म्हणजे तिथेही आधी टाल्कम.

आता हे नीट वाचा, कारण इथे बहुतेक जण फसतात. विनेगरने कोकम गेलं म्हणून कुंकू, गुलाल, आइस गोळ्याचा लाल रंग, सरबताचा रंग यालाही विनेगर लावायचं असं नाही, एकदम उलटं आहे. आजकालच्या कुंकवात आणि गुलालात बऱ्याचदा कृत्रिम रंग असतो, आणि यातले खूपसे रंग आंबट पाण्यात नि उष्णतेत लोकरीला पक्के बसतात. घरी लोकर रंगवणारे लोक खायचा रंग आणि विनेगर घालून उकळूनच रंगवतात. म्हणजे तुम्ही डाग काढायला गेलात आणि शाल रंगवून बसलात. शिगम्यात गुलाल पडला किंवा हळदी-कुंकवाला शालीवर कुंकू सांडलं तर पहिला नियम, पाणी लावू नका. कोरडं झटका, फुंकर मारा, व्हॅक्यूम असेल तर नळीच्या तोंडाला पातळ कापड बांधून लांबून ओढून घ्या, हाताने पुसू नका. सगळी पूड गेली असं वाटलं की परत एकदा झटका. मगच भरपूर थंड पाणी एकदम, थेंब थेंब नाही, आणि त्यात लोकरीचं लिक्विड. इस्त्री आणि ऊन दोन्ही लांब ठेवा. दिव्याची काजळी पडली तरी तेच, आधी कोरडं, नंतर तेलाचा भाग टाल्कमने.

काजूचं काय सांगू. मार्च ते मे, बोंडू म्हणजे काजूची फळं वेचायला पहाटे निघालेली आजी अंगावर जुना स्वेटर घेऊनच निघते, आणि बोंडूचा रस पडतो तेव्हा दिसतही नाही, पाण्यासारखा असतो, दुसऱ्या दिवशी तिथे तपकिरी डाग उभा. त्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, हवा लागून काळवंडत जातं. म्हणून रस उडाला असं नुसतं वाटलं तरी तिथल्या तिथे थंड पाण्याने भिजवून टिपा, डाग दिसायची वाट बघू नका. नंतर पातळ विनेगर, मग लिक्विड. एक खास गोष्ट, टॅनिनला लोह भेटलं की काळं पडतं, शाई पूर्वी अशीच करायचे. ज्यांच्या विहिरीच्या किंवा बोरच्या पाण्याला लोहाचा तांबूसपणा आहे त्यांनी हा डाग नळाच्या नाहीतर फिल्टरच्या पाण्याने धुवा, आणि गंजकी बादली, पत्र्याचा टब नको. जुना बोंडूचा डाग गडद लोकरीवर असेल तर मी म्हणेन सोडून द्या. हिरव्या बियांचा चीक, म्हणजे टरफलातलं तेल, हे तर वेगळंच प्रकरण आहे, ते कातडीसुद्धा जाळतं, त्याच्या मागे घरी लागू नका, हातमोजे घालून कपडा बाजूला ठेवा.

चहा-कॉफी सोपी, थंड पाणी आणि पातळ विनेगर, दूध घातलेली असेल तर आधी लिक्विड. रक्ताला फक्त थंड पाणी, लगेच. बॉलपेनला अल्कोहोल, खाली कापड ठेवून. मेणबत्तीचं मेण, फेस्ताला किंवा नाताळात पडतं ते, कपडा प्लास्टिकमध्ये घालून फ्रीझरमध्ये ठेवा, कडक झालं की नखाने उडवा, उरलेलं दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये धरून अगदी मंद इस्त्रीने कागदात ओढून घ्या. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. च्युइंगमलाही फ्रीझर.

तांबडी माती दिसली की हात शिवशिवतात, पण ओली असताना हात लावूच नका. पूर्ण सुकू द्या, मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडा, ऐंशी टक्के काम तिथेच होतं. आपल्या मातीचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, त्यामुळे नुसत्या साबणाने तांबूस छाया राहतेच. फिक्या लोकरीवर लिंबाचा गाळलेला रस पाण्यात पातळ करून पाच-दहा मिनिटं, मग धुऊन टाका. लोखंडी हँगरच्या गंजालाही हेच, आणि हँगर फेकून द्या. स्वेटर हँगरला टांगायचाच नसतो, खांदे लोंबतात.

मग येतो पाऊस. लोकर स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत हवेतला ओलावा ओढून घेते आणि हाताला ओलीही लागत नाही, हे थंड देशात वरदान आहे, आपल्याकडे जून ते सप्टेंबर बंद कपाटात ती बुरशीची सोय आहे. चवथीला कपाट उघडलं आणि पांढरी भुकटी दिसली तर कपडा घराबाहेर न्या, नाकाला रुमाल बांधा, सुकवून मगच ब्रश करा, ओल्यावर घासलं की बीजं आत जातात. मग लिक्विडने धुवायचं आणि शेवटच्या पाण्यात मोठा चमचाभर विनेगर, वासही जातो. पांढऱ्या लोकरीवर उरलेल्या ठिपक्यांना पेरॉक्साइड, पण त्याआधी विनेगर पूर्ण धुऊन काढा, ही दोन एकत्र करायची नाहीत. काळे ठिपके मात्र राहतात, बुरशीने तंतूत सोडलेला रंग घरच्या औषधाला सहसा दाद देत नाही.

डाग गेला तरी त्या जागी रिंगण नको म्हणून अख्खा कपडा एकदा धुवावा लागतो. टबमध्ये थंड किंवा जेमतेम कोमट पाणी, ३० अंशांच्या वर नाही, आपल्याकडे मेमध्ये टाकीचं पाणी कधीकधी याहून गरम असतं म्हणून सकाळी लवकर धुवा. लिक्विड आधी पाण्यात मिसळा, कपडा मग बुडवा, तीन-चार मिनिटं हाताने दाबत राहा, संपलं. शेवटपर्यंत पाणी एकाच तापमानाचं, गरमातून थंडात टाकलं की आकसणं आलंच. उचलताना खालून दोन्ही हातांनी उचला. मोठ्या टॉवेलवर पसरवा, टॉवेलसकट गुंडाळी करा आणि दाबा, हवं तर गुंडाळीवर गुडघा ठेवा. मग कोरड्या टॉवेलवर आडवा, मूळ आकारात हाताने ओढून, पंख्याखाली. दमट दिवस असेल तर टॉवेल बदलावा लागतो, चाळणीसारख्या जाळीवर ठेवलात तर खालूनही हवा लागते. आतून पूर्ण सुकल्याशिवाय घडी नको, संध्याकाळी सुकल्यासारखा वाटतो आणि काखेत ओल असते.

ठेवताना डाग असलेला कपडा कधीच ठेवू नका. लोकर खाणारी कसर म्हणजे एका बारीक पतंगाच्या अळ्या, आणि त्या घामाच्या, जेवणाच्या डागावरच आधी तुटून पडतात, मग दिवाळीनंतर काढलं की जिथे डाग होता तिथे भोक. डांबराच्या गोळ्या कापडात बांधून वरच्या बाजूला ठेवा, वाफ खाली उतरते, आणि लोकरीला थेट टेकवू नका. बाळाच्या कपड्यांत मात्र गोळ्या नकोत, ते धुऊन सुकवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

पश्मिना, कानी किंवा भरतकाम केलेल्या शाली, अस्तर असलेला कोट-सूट, यांना यातलं फक्त टिपणं आणि टाल्कम एवढंच करा. पश्मिनाचा तंतू साधारण १२ ते १६ मायक्रॉनचा, त्यावर ब्रशसुद्धा जड होतो, आणि भरतकामाचे रंग पाण्यात उतरतात. लेबलवर पाण्याच्या टबवर फुली आणि वर्तुळात पी असेल तर सरळ ड्रायक्लीनरकडे. पणजी, म्हापसा, मडगावला बरे लोक आहेत, गावातल्या लाँड्रीत देणार असाल तर ते स्वतः करतात की पुढे पाठवतात हे विचारा. डागाभोवती रंगीत दोऱ्याने चार सैल टाके घालून द्या म्हणजे शोधावा लागत नाही, आणि काय सांडलं, कधी सांडलं, तुम्ही घरी काय काय लावलंत ते सगळं सांगा, विनेगर लावलं असेल तर तेही. कपडा परत आला की प्लास्टिकची पिशवी तिथेच काढा, वास उडेपर्यंत बाहेर हवेवर ठेवा.